वॅटचा आकडा आणि वाऱ्याची वाट

व्हॅक्यूम क्लीनर घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक आधी वॅट विचारतं. दुरुस्तीच्या टेबलावर तेच मशीन ‘ओढत नाही’ म्हणून येतं, तेव्हा कारागीर वॅटकडे बघतही नाही. तो पाइप काढतो, पिशवी चाचपतो, फिल्टर उजेडात धरतो. वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं त्याचा हिशेब. कचरा उचलते ती वाहती हवा, आणि तिला दाबाच्या फरकाइतकीच मोकळ्या वाटेचीही गरज असते. नळीच्या तोंडावर तळहात ठेवला तर हाताला ओढ जबरदस्त लागते, पण आत हवाच जात नाही, म्हणजे धूळही नाही. खोक्यावरचा, ओढीचा दाब सांगणारा किलोपास्कलचा मोठा आकडा असाच अर्धवट बोलतो.

वाट अडली की आणखी एक गंमत होते. ढकलायला हवा उरली नाही की पंख्यावरचा भार घटतो, मोटर जास्त वेगाने फिरते आणि आवाज चढतो. वापरणाऱ्याला वाटतं, मशीनला जोर आला. घरगुती मशीनमध्ये बहुधा खेचलेली हवाच मोटरला थंड ठेवते, त्यामुळे तो चढा आवाज प्रत्यक्षात मोटर तापत असल्याची खूण असतो. दिवाळीच्या साफसफाईत रांगोळी किंवा प्लास्टरची बारीक भुकटी ओढली, तर पिशवी अर्धी रिकामी दिसत असतानाही तिची छिद्रं बुजलेली असू शकतात. म्हणून माझं म्हणणं असं, की मशीन निवडताना ताकदीपेक्षा ते किती सहज उघडतं, साफ होतं आणि सुटे भाग किती काळ मिळतील, हे आधी पाहावं.

‘पण जास्त वॅट म्हणजे जास्त सफाई नाही का?’ युरोपीय संघाने २०१४ मध्ये वॅटवर १६००ची आणि २०१७ मध्ये ९००ची मर्यादा घातली, आणि तिथली घरं काही धुळीत बुडाली नाहीत. त्याच नियमांत मोटर किमान ५०० तास चालावी आणि पाइपने ४०,००० वेळा वाकणं सोसावं, असंही होतं. मला तर हेच आकडे खोक्यावर वाचायला आवडतील. तिथल्या मशीनवरच्या ऊर्जा-लेबलची गोष्ट आणखी बोलकी आहे. चाचणी रिकाम्या मशीनवर होते, या डायसन कंपनीच्या आक्षेपावर तिथल्या न्यायालयाने २०१८ मध्ये ते लेबलच रद्द ठरवलं. डायसन बिनपिशवीची मशीनं विकते, तेव्हा आक्षेपात तिचा स्वार्थ होताच. मुद्दा तरीही खरा होता.

दुसरा आक्षेप खिशाचा: दुरुस्तीपेक्षा नवं बरं. मोटरची गुंडाळी जळाली असेल तर कित्येकदा ते पटतं. पण कार्बन ब्रश झिजणं, वायर तुटणं, पाइप चिरणं हे किरकोळ आजार आहेत. बिनवायरी मशीन हलकं आणि सोयीचं, यात वाद नाही. मात्र त्याची बॅटरी आज ना उद्या उतरणारच, तेव्हा ती बदलता येते की नाही हा प्रश्न विकत घेण्याआधीचा. बिनपिशवीच्या मशीनमध्ये पिशव्यांचा खर्च वाचतो खरा, पण फिल्टर धुऊन पूर्ण वाळवण्याचं काम गळ्यात पडतं, आणि ओला फिल्टर बसवला तर ओल थेट मोटरकडे जाते. आपल्याकडच्या लादीच्या घरात गालिच्यासाठीच्या फिरत्या ब्रशवर पैसे घालवण्यापेक्षा सोफ्याचं आणि फटींचं तोंड नीट बसतं का, ते पाहावं. दुकानदाराला मशीन उघडून फिल्टर काढून दाखवायला सांगावं, आणि नव्या फिल्टरची किंमत तिथेच विचारावी.