जळगाव–अकोला अठरा मिनिटांत? अंतर आणि वेळेचा घोळ

"जळगाव ते अकोला हवेतून दीडशे किलोमीटर. विमान ताशी पाचशेनं उडतं. म्हणजे अठरा मिनिटं!" बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूर-शेगाव पट्ट्यात विमानसेवेचा विषय निघाला की हा हिशेब कुणीतरी मांडतोच.

यातलं अंतर बरोबर आहे. दोन्ही विमानतळांमधली सरळ रेषा सुमारे १५० किलोमीटर भरते आणि मलकापूर, नांदुरा, शेगावच्या जवळपास डोक्यावरूनच जाते. भागाकारही बरोबर आहे. चूक आहे ती वेगात. ताशी ५०० हा एटीआर-७२ सारख्या विमानाचा उंचीवर पोचल्यानंतरचा वेग. धावपट्टीपर्यंत संथपणे जाणं, चढणं, उतरण्यासाठी वेग कमी करणं, वाऱ्याच्या दिशेनुसार वळसा घेऊन धावपट्टीसमोर येणं, हे सगळं भागाकारात येत नाही. इतक्या जवळच्या प्रवासात पूर्ण वेग मिळतो न मिळतो, तोच उतरण्याची तयारी सुरू होते.

पटत नसेल तर वेळापत्रक पाहा. एप्रिल २०२५ मध्ये अलायन्स एअरची मुंबई–अमरावती सेवा सुरू झाली. हवाई अंतर सुमारे ५४० किलोमीटर. भागाकाराने ६५ मिनिटं. वेळापत्रकात दिले होते पावणेदोन तास! मुंबईच्या गर्दीचा वाटा त्यात आहेच, पण गर्दी नसली तरी चढण-उतरण चुकत नाही. जळगाव–अकोल्याला म्हणूनच चाळीसेक मिनिटं धरावीत. शिवाय चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. रेल्वेने हेच अंतर सुमारे १६५ किलोमीटर आहे आणि एक्सप्रेस गाड्या ते दोन-अडीच तासांत कापतात. मग वाचलं काय?

"एक तास म्हणजे पाचशे किलोमीटर" हे समीकरण 'उडान' योजनेमुळेही रुजलं. भाड्याची २,५०० रुपयांची मर्यादा सांगताना तेच वापरलं गेलं. पण ते भाड्याचं गणित होतं, वेळेचं नव्हे.

आणखी काही गैरसमज:

"जळगाव–अकोला अंतर तर ८२च दाखवतंय." ते सागरी मैल आहेत. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

"जायला-यायला सारखाच वेळ." वारा पाठीशी की समोरून, यावर फरक पडतो.

"लहान विमान कुठेही उतरतं." अमरावतीची धावपट्टी १,८५० मीटर आहे, अकोल्याच्या शिवणी विमानतळाची सुमारे १,४००. अकोल्याला नियमित सेवा नाही, त्यामागे हे मोठं कारण आहे.

"नकाशात जवळ म्हणजे जवळच." बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ सरळ रेषेत ११० किलोमीटर, रस्त्याने मात्र दीडशेच्या घरात.

बुलढाणेकरांनी विमान जरूर मागावं. पण मुंबई, दिल्लीसाठी. तिथे रेल्वेची रात्र वाचते. शेजारच्या जिल्ह्यासाठी गाडीच बरी. आणि कुणी मिनिटं सांगितली, तर एकच प्रश्न विचारा: ही वेळ घरापासून घरापर्यंतची, की नुसत्या भागाकाराची?