बिसखोपडा म्हणजे घोरपडीचं पिल्लू

काळसर अंगावर पिवळे ठिपके आणि आडवे पट्टे असलेला वीतभर प्राणी अंगणात दिसला की छत्तीसगडमधल्या भिलाईत ‘बिसखोपडा’ म्हणून आरडाओरडा होतो आणि लाठी बाहेर निघते. महाराष्ट्रात त्यालाच चंदनघोरपड म्हणून मारतात. चावला की माणूस पाणीही मागत नाही, हा समज दोन्हीकडे आहे आणि तो साफ खोटा आहे. ते घोरपडीचं पिल्लू असतं. वयाबरोबर पट्टे पुसट होतात आणि तेच मातकट रंगाची, दीड मीटरहूनही लांब वाढू शकणारी घोरपड होतं. इंडोनेशियाचा कोमोडो ड्रॅगन याच कुळातला.

पिल्लू अंगणापर्यंत पोचतं तेच मुळी मोठ्या मुश्किलीने. उन्हाळ्यात मादीसाठी नर मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांना मिठी घालतात आणि जो आडवा पडतो तो हरतो. जून ते सप्टेंबरदरम्यान मादी जमिनीत किंवा वारुळात बीळ खणते, साधारण वीस अंडी घालते, बीळ बुजवते आणि तोंडाने माती दाबून घट्ट करते. चोरांना चकवायला कधी जवळच खोटे खड्डेही खणते. मग ती निघून जाते. अंडी साडेपाच ते साडेआठ महिने मातीत राहतात. त्यातली बरीच उबतच नाहीत, शिवाय साप, मुंगूस आणि दुसऱ्या घोरपडीही ती खातात. बाहेर आलेलं पिल्लू पहिल्या दिवसापासून एकटंच किडे शोधतं आणि जिवाच्या भीतीने झाडावर राहतं.

क्वार्टरांमागच्या बागा, नाल्या, मरोदा तलावाकडचं पाणी यामुळे भिलाईत त्यांना खायला भरपूर मिळतं. दुभंगलेली जीभ सारखी आतबाहेर करत घोरपड वास टिपते. टाळूतल्या इंद्रियाला तो कळला की नखांनी पालापाचोळा उकरून भुंगेरे, विंचू, गोगलगायी, उंदराची पिल्लं बाहेर काढते. कोंडीत पकडली तर ती फुत्कारते, शेपटीचा फटका मारते, चावतेही. जखम धुवून डॉक्टरांना दाखवावी, पण त्या चाव्याने माणूस मरत नाही.

तिचा खरा शत्रू माणूसच. मांस आणि कातडीसाठी ती मारली जातेच, पण पूजेच्या सामानात ‘हत्थाजोडी’ नावाची दुर्मीळ मुळी म्हणून जे विकतात, तेही नर घोरपडीचं वाळवलेलं जननांग असतं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे. तिला मारलं तर किमान तीन वर्षांची कैद आहे. अंगणात पिल्लू दिसलं तर मुलांना आणि कुत्र्याला आत घ्या, त्याला वाट मोकळी ठेवा आणि घरात शिरलंच तर वनविभागाला फोन करा.