पांढरीच्या थरांतून घडलेली परिभाषा

आद्य मानवी समाज आणि पहिल्या नागरी संस्कृती यांच्या अभ्यासासाठी मराठीत आज जी परिभाषा रूढ आहे, ती बव्हंशी १९३९ ते १९८३ या काळात स्थिरावली. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया तेथे रुजू झाले. १९८३ मध्ये इनामगावचे दीर्घ उत्खनन संपले. या परिभाषेचा सांगाडा युरोपातून आला असला, तरी तिच्यात अर्थ भरला तो पंचगंगा, प्रवरा आणि घोड या नद्यांच्या काठांवरील मातीने. त्यामुळे कोल्हापूर जिल्ह्यातील जयसिंगपूरसारख्या शहरातील विद्यार्थ्याला हे शब्द नाईल-युफ्रेटिसच्या उदाहरणांनीच शिकवले जावेत, याला काही कारण नाही.

या भागापुरती सुरुवात कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीपासून करावी लागते. जयसिंगपुरापासून सुमारे ४० किलोमीटरवर, पंचगंगेच्या काठी असलेल्या या टेकडीवर १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. उत्खनन म्हणजे नुसते खणणे नव्हे, तर मातीचा प्रत्येक थर त्याच्या क्रमाने उलगडत जाणे, आणि वरचा थर खालच्यापेक्षा अलीकडचा या साध्या नियमावर काळाचा क्रम लावणे; यालाच स्तरविज्ञान म्हणतात. ब्रह्मपुरीच्या थरांत सातवाहनकाळातील विटांची घरे मिळाली, आणि त्याच टेकडीवर सापडलेल्या कांस्यवस्तूंत पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची मूर्ती असल्याने रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराचा धागाही हाती आला. अशा जुन्या वस्तीच्या टेकाडाला खेड्यापाड्यांतील लोक पूर्वीपासून ‘पांढर’ म्हणत आले आहेत: पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. शतकानुशतकांची राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती मिसळून तिचा रंग पालटलेला असतो, आणि खतासाठी हीच माती गाड्या भरभरून शेतात गेल्याने कित्येक टेकाडे अभ्यासकांच्या आधीच नाहीशी झाली. शास्त्रीय परिभाषेने या शब्दाला सन्मानाने आत घेतले, हे योग्यच झाले.

युगांची नावे मात्र परकी चौकट घेऊन आली. कोपनहेगनच्या थॉमसेनने संग्रहालयातील वस्तूंची पाषाण, कांस्य आणि लोह अशा तीन युगांतली मांडणी १८३६ मध्ये प्रसिद्ध केली, आणि १८६५ मध्ये लबकने पाषाणयुगाचे जुने व नवे असे दोन भाग केले. त्यांतून मराठीत पुराश्मयुग आणि नवाश्मयुग हे शब्द आले. पहिल्यात माणूस शिकार आणि कंदमुळे-फळे गोळा करण्यावर जगत होता, दुसऱ्यात तो धान्य पेरू आणि जनावरे पाळू लागला. या दोहोंमधल्या मध्याश्मयुगाची खूण म्हणजे सूक्ष्मास्त्रे, अर्थात लाकडाच्या किंवा हाडाच्या दांड्यात ओळीने बसवता येतील अशी गारगोटीसारख्या दगडाची इवलीशी पाती. पुण्याच्या परिसरात अशी पाती वेचत, ग्रामदेवतांची ठाणी आणि जुन्या वाटा यांचा मेळ घालत दा. ध. कोसंबी यांनी जे हिंडून काम केले, ते या शब्दाला जिवंत करणारे होते. कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातील नदीकाठच्या थरांचा आणि दगडी हत्यारांचा आर. एस. पप्पू यांचा अभ्यास १९७४ मध्ये ग्रंथरूपाने आला, तेव्हा पुराश्मयुग ही या पट्ट्याचीही गोष्ट असल्याचे स्पष्ट झाले.

महाराष्ट्राने या चौकटीत घातलेली खरी भर म्हणजे ताम्रपाषाणयुग. तांबे वापरात आलेले असूनही दगडाची पाती मागे पडलेली नाहीत, अशा या शेतकरी-पशुपालक समाजांसाठी ‘कांस्ययुग’ हे नाव अपुरे ठरत होते. प्रवराकाठच्या जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी आणि लाल रंगावर काळी नक्षी असलेली, चाकावर घडवलेली, टिचकी मारली असता खणखणणारी भांडी मिळाली, आणि त्या भांड्यांवरून एका अख्ख्या समाजसमूहाला जोर्वे संस्कृती हे नाव पडले. पुढे नेवासे, चांदोली अशी स्थळे जोडली गेली; परंतु या लोकांचा संसार सविस्तर दिसला तो शिरूर तालुक्यातील घोडकाठच्या इनामगावात.

इनामगावात १९६८ पासून सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी खोदकाम केले, आणि सुमारे इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील शंभराहून अधिक घरे उघडी केली. मूल दगावले, तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत, त्यांत ते ठेवून घराच्याच जमिनीखाली पुरत. यालाच कुंभदफन म्हणतात. प्रौढ माणसाला खड्ड्यात उताणे निजवत आणि घोट्याखालील पाय तोडलेले असत. याला ठळक अपवाद एकच: चार पायांच्या, कच्च्या मातीच्या फुगीर रांजणात एक प्रौढ पुरुष बसलेल्या स्थितीत, अखंड पावलांसह मिळाला. वस्तीत एक पाच खोल्यांचे मोठे घर आणि त्याला लागून धान्यकोठार होते, तर नदीच्या बाजूला पाणी वळवणारा बांध आणि कालवा होता. बांध घालायला अनेकांचे हात लागतात आणि कोठाराला राखणदार लागतो. अशा खुणांवरून ढवळीकरांनी येथे मुखियासत्ता असल्याचे अनुमान काढले. वंशपरंपरेने चालणारे नेतृत्व आहे, धान्याचा वाढावा एका ठिकाणी गोळा होतो, तरीही राज्य आणि नोकरशाही अजून नाही, अशा समाजाला ही संज्ञा लावतात. नंतरच्या काळात हवामान कोरडे होत गेले, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. समाज सरळ रेषेत ‘प्रगत’ होत जातो हा समज इनामगावच्या वरच्या थरांतच खोटा ठरतो.

या परिभाषेत एक अडचण राहून गेली आहे, आणि ती गंभीर आहे. मराठीत जोर्वे संस्कृतीही ‘संस्कृती’ आणि सिंधू संस्कृतीही ‘संस्कृती’. पहिल्या ठिकाणी शब्दाचा अर्थ एकसारख्या वस्तू वापरणारा समूह एवढाच असतो, दुसऱ्या ठिकाणी शहरे, लिपी, वजनमापे आणि दूरचा व्यापार असलेली समाजरचना असा. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी शेतीच्या आरंभाला नवाश्मयुगीन क्रांती आणि शहरांच्या उदयाला नागरी क्रांती म्हटले, त्यात हाच फरक होता. म्हणून दुसऱ्या अर्थासाठी ‘नागरी संस्कृती’ असे नेमके लिहिण्याची शिस्त पाठ्यपुस्तकांनी पाळायला हवी. प्रवरेकाठच्या दायमाबादेत उत्तर हडप्पा काळाचे थर आणि १९७४ मध्ये मिळालेला, साठ किलोंहून अधिक वजनाचा, बैलगाडीसारखा रथ, हत्ती, गेंडा व रेडा यांच्या कांस्यप्रतिमांचा संच या दोन्ही अर्थांची सीमा कुठे येते ते दाखवतात, जरी त्या प्रतिमांच्या काळाबद्दल मतभेद आहेत. नियोजित नगर म्हणजे काय हे जयसिंगपुरात समजावणे तर सोपे आहे, कारण राजर्षी शाहूंनी जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेले हे शहर घरांआधी रस्ते आखून उभे राहिले. सिंधू संस्कृतीतील मोहेंजोदडोच्या काटकोनी रस्त्यांमागेही तसाच आधी घेतलेला सामूहिक निर्णय आणि तो पाळायला लावणारी सत्ता होती, फक्त तिचे नाव आज कोणाला वाचता येत नाही.

अलीकडे या शब्दकोशात कोकणाने भर घातली. रत्नागिरी जिल्ह्यातील जांभ्या सड्यांवर कोरलेल्या प्राणी-मानव-आकृतींना स्थानिक शोधकांनी कातळशिल्प म्हटले, आणि २०२२ मध्ये त्यांतील स्थळे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ही शिल्पे मध्याश्मयुगात बसवायची की त्यानंतरच्या एखाद्या काळात, यावर अभ्यासकांचे एकमत झालेले नाही, कारण उघड्या सड्यावर ब्रह्मपुरी किंवा इनामगावसारखे एकावर एक थर साचत नाहीत.