आईच्या खात्यातील दोन घटिका

आश्विन अमावास्येस भगवान महावीरांचे निर्वाण झाले आणि दुसऱ्या दिवशी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेस, वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष सुरू होते. इ.स.पूर्व ५२७ पासूनची ही गणना व्यापारी घराण्यांत केवळ पंचांगात राहत नाही, ती चोपड्यावर उमटते. साक्री तालुक्यात, पांझरा नदीकाठच्या पिंपळनेरच्या पेठेतही वर्षाचा आरंभ वहीनेच व्हायचा: कोऱ्या पानावर स्वस्तिक, जुन्या उधारीची खतावणी, लाभपंचमीचा मुहूर्त. दुकानाचे वर्ष असे नीट बांधले जाते. त्याच घरातील आईचे वर्ष मात्र कोणत्याच वहीत उघडत नाही.

संकल्प तिचेही असतात. पहाटे फिरायला जायचे, रोज काही वाचायचे, मुलांवर चिडायचे नाही, लग्नाआधी अर्धवट राहिलेले प्रतिक्रमण पूर्ण पाठ करायचे. मार्गशीर्ष लागेपर्यंत त्यांतील बहुतेक विरून जातात आणि मग ती स्वतःलाच आळशी म्हणू लागते. हा आरोप अन्यायाचा आहे. कार्तिकात सूर्य सहाच्या आतच मावळतो. त्याच सुमारास खेड्यांवरून आलेल्या गिऱ्हाइकांची परतण्यापूर्वीची घाई असते, मुले शाळेतून आलेली असतात, आणि सासऱ्यांचा चौविहार सांभाळायचा असतो. घरातील प्रत्येकाचे व्रत तिच्या चुलीवर उभे असते. सर्वांना वेळेत वाढून झाल्यावर शेवटची पाच मिनिटे उरली तर ती उभ्यानेच दोन घास घेते. नाही उरली तर तिचा स्वतःचा नियम मोडतो. त्याची नोंद कोणी घेत नाही.

संकल्प टिकत नाहीत याचे एक कारण त्यांच्या आकारातही आहे. ‘यंदा पूर्ण बदलायचे’ असा बारा महिन्यांचा सौदा कोणताही शहाणा व्यापारी करणार नाही. जैन परंपरेने व्रताचे माप फार लहान ठेवले आहे. नवकारसी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे. सामायिक तेवढेच, दोन घटिकांचे. मुठसीचे पच्चक्खाण तर त्याहून सोपे: खाणे झाले की नियम सुरू, आणि पुढचा घास घेण्यापूर्वी मूठ वळून नवकार म्हणायचा. चौदा नियम सकाळी धारायचे, संध्याकाळी आठवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्याने. ज्या बाईच्या हाती सलग एक तास येत नाही, तिच्यासाठीच जणू ही मोजमापे आखली आहेत. (चौदा नियमांत मोबाइल नाही. आजच्या गृहिणीने द्रव्य आणि वाहनाच्या जोडीने त्याचीही मर्यादा धारली, तर शास्त्राचा हेतू बिघडणार नाही.)

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे आगार. नवकारसीच्या पच्चक्खाणातच दोन सवलती उच्चारल्या जातात. विसरून काही तोंडात गेले किंवा अवचित, नकळत गेले, तर ध्यानात येताच थांबावे. नियम मोडला असे होत नाही. माणूस विसरेल, हे व्रत देणाऱ्यांनी आधीच धरले होते. मूल तापाने फणफणले म्हणून चार दिवस वाचन राहिले, तर पाचव्या दिवशी पुस्तक उघडण्यास आईला संकोच वाटू नये, इतके तरी या दोन शब्दांतून घ्यावे. दुकानदार रोजमेळ रोज जुळवतो, वर्षअखेरीस नव्हे. देवसी प्रतिक्रमणही रोजचेच असते. चिडचिड कमी करण्याचा संकल्पही तिथेच बसतो: आज किती वेळा आवाज चढला, एवढेच पाहायचे.

खानदेशात या विषयावर बहिणाबाई चौधरींचे उदाहरण हमखास दिले जाते. १८८० साली असोद्यात जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या या शेतकरी मातेने जात्यावर आणि शेतात काम करता करता गाणी रचली. यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की, जिद्द असेल तर बाईला वेगळा वेळ लागत नाही. हा अर्धाच हिशेब झाला. ती गाणी उरली, कारण पुत्र सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने ती टिपून ठेवली. १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, ती पुस्तकरूपाने आली. रचना तिची होती, पण कागद-लेखणी घेऊन शेजारी बसणारे घरातलेच होते.

आईच्या सामायिकात खरा अडथळा मनाचा नसतो, हाकेचा असतो. कटासणे पसरून ती बसते आणि तेवढ्यात डबा, किल्ली, औषध अशा तीन हाका येतात. दुकानातील माणूस खाडा करतो तेव्हा त्याच्या गल्ल्यावर दुसरा बसतो. स्वयंपाकघराला अशी बदली नेमलेली नसते. पतीने आठवड्यातून दोन संध्याकाळी दुकानातून अर्धा तास आधी निघणे, मोठ्या मुलाने पाणी गाळून ठेवणे, सासूबाईंनी ‘सूनबाई, तू बस, मी पाहते’ म्हणणे, या गोष्टी संकल्पाबाहेरच्या नाहीत. त्यांच्यावाचून तिचा संकल्प केवळ आणखी एक काम ठरतो.

लाभपंचमीला दुकान नव्या वर्षाची नोंद करते. तीच तिथी ज्ञानपंचमी. त्या दिवशी मुलांची पुस्तके आणि वह्या पूजेला मांडल्या जातात. त्यांत एक कोरी वही आईचीही असावी: पहिल्या पानावर एकच नियम, त्याच्या आगारांसह, आणि खाली त्या ४८ मिनिटांत गॅसपाशी, फोनपाशी आणि आजीपाशी कोण असेल, त्यांची नावे.