खोटं हरीण, खरी शिकार

रामायणातला मारीच आठवतोय ना? सोन्याचं हरीण होऊन पंचवटीत आला आणि चक्क धनुर्धारी रामालाच रानात लांब घेऊन गेला. ते झालं शिकाऱ्याला फसवणारं हरीण. मी आज सांगणार आहे ते बरोब्बर उलटं, म्हणजे हरणाला फसवणारं खोटं हरीण. इंग्रजीत त्याला डिकॉय म्हणतात. अमेरिकेत लायसन्स काढून, ठरलेल्या सीझनमध्ये धनुष्यबाणाने हरणाची आणि एल्कची शिकार करता येते आणि तिथे हे डिकॉय सर्रास वापरतात.

आधीच सांगून टाकते, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळ, सांबर, काळवीट मारणं हा गुन्हा आहे. तेव्हा हॉस्टेलमागच्या टेकडीवर कुणी प्रयोग करू नये! मला स्वतःला शिकारीची आवड नाही. (मेसमध्ये मटण असलं की दोनदा वाढून घेते, तो भाग वेगळा.) पण माझा मावसभाऊ कोलोरॅडोत असतो आणि त्याच्या शेजाऱ्याने त्याला गॅरेजमधली एल्कची मादी दाखवली. कापडावर छापलेला फोटो आणि कडेने स्प्रिंग स्टीलची पट्टी. गाडीच्या काचेला लावायचा सनशेड कसा पिळून गोल घडी करतो, तशीच तिची घडी होते. दादा फोनवर म्हणाला, "अगं, बाजूने बघितलं तर नुसती रेघ दिसते! याला एवढा मोठा प्राणी फसतो?" माझ्या डोक्यात तोच प्रश्न बसला.

उत्तराची सुरुवात एका माशापासून करावी लागते. निको टिनबर्गन नावाच्या शास्त्रज्ञाने स्टिकलबॅक या छोट्या माशावर प्रयोग केले. विणीच्या काळात त्याच्या नराचं पोट लाल होतं आणि दुसरा लाल पोटाचा नर दिसला की तो हल्ला करतो. टिनबर्गनने हुबेहूब माशासारखा पण लाल रंग नसलेला नमुना पाण्यात सोडला, तर नराने त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. मात्र माशासारखा अजिबात न दिसणारा, खालून लाल रंगवलेला ठोकळा सोडला की त्यावर तुटून पडला. म्हणजे प्राणी सगळं चित्र तपासत बसत नाही, ठरावीक खूण शोधतो. या प्रकारच्या कामासाठी टिनबर्गनला १९७३ चं नोबेल मिळालं. डिकॉय चालतो तो याच तत्त्वावर, त्यामुळे तो किती सुंदर बनवलाय यापेक्षा तो हरणाच्या डोक्यातल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतो हे महत्त्वाचं.

आता धनुष्याकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. बंदूकवाला दोनशे मीटरवरून गोळी मारू शकतो. धनुष्यवाल्याला मात्र वीस-तीस मीटरच्या आत जावं लागतं आणि तिथे पोचल्यावर दोरी ओढायला हात हलवावा लागतो. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. लाल-नारिंगी रंग त्याला नीट कळत नाहीत, पण हालचाल मात्र लगेच कळते. १९६० च्या दशकात मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलनने कंपाउंड धनुष्य शोधलं आणि थोडा दिलासा मिळाला. त्यात टोकांना कॅमसारखी चाकं असतात. समजा ६० पौंडांचं धनुष्य आहे आणि त्याचा लेट-ऑफ ८० टक्के आहे, तर पूर्ण ओढल्यावर हातावर फक्त १२ पौंड राहतात. मग मिनिटभर धरून थांबता येतं. (मेकॅनिकलवाल्यांनो, कॅम फॉलोअर आठवा!) तरीपण ओढण्याचा तो एक क्षण राहतोच. त्या क्षणी हरणाचे डोळे दुसरीकडे गुंतवून ठेवणं हे डिकॉयचं पहिलं काम.

दुसरं काम त्याहून महत्त्वाचं आहे. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. त्याचं पातं कापतं आणि रक्तस्रावाने प्राणी मरतो. बाण हृदय-फुप्फुसातून गेला तर काम लवकर होतं. थोडा चुकला तर जखमी जनावर पळून जातं आणि कुठेतरी झाडीत तळमळत मरतं. म्हणून प्राणी शिकाऱ्याला आडवा, म्हणजे कुशीची बाजू दाखवून उभा राहायला हवा. समोरून छातीवर बाण मारणं वाईट समजतात.

एक छोटं गणित करून बघितलं. बाणाचा वेग साधारण ८५ मीटर प्रति सेकंद धरा आणि अंतर ३० मीटर. बाण पोचायला ०.३५ सेकंद लागतात. दोरीचा आवाज ०.०९ सेकंदात पोचतो. म्हणजे हरणाला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ मिळतो. दचकलेलं हरीण उडी मारण्याआधी खाली दबतं, आणि तेवढ्या वेळात ते इतकं खाली जाऊ शकतं की बाण पाठीवरून निघून जावा. म्हणून अंतर कमी ठेवणं हाच उपाय.

मग डिकॉय ठेवायचा कसा? व्हाइटटेल जातीच्या हरणाचं उदाहरण घेऊ. उत्तरेकडच्या राज्यांत नोव्हेंबरच्या सुमाराला त्यांचा माजाचा काळ असतो. शिकारी झाडावर बसतो आणि पंधरा-वीस मीटरवर, वारा जिकडून येतो त्या बाजूला, नराचा पुतळा ठेवतो. पुतळ्याचं तोंड शिकाऱ्याकडे. हे मला आधी उलटं वाटलं होतं! पण नर दुसऱ्या नराला भिडताना समोरून येतो आणि त्याआधी वास घ्यायला वाऱ्याच्या खालच्या बाजूने वळसा घालतो. त्यामुळे तो आपोआप पुतळा आणि शिकारी यांच्या मधे येतो, आणि बहुतेक वेळा आडवा. पुतळा मादीचा असेल तर तिची पाठ शिकाऱ्याकडे ठेवतात, कारण मादीकडे नर मागून येतो. शिंगं फार मोठी लावत नाहीत, नाहीतर लहान नर घाबरून येतच नाहीत.

एल्कचा मामला वेगळा. हा आपल्या काश्मीरच्या हंगुलचा नातेवाईक, नर तीनशे किलोच्या वर. सप्टेंबरमध्ये त्यांचा माज असतो आणि तेव्हा शिकारी मादीचा आवाज काढून त्याला बोलावतात. नर येतोसुद्धा, पण साठ-सत्तर मीटरवर अडून उभा राहतो. आवाज जिथून आला तिथे मादी दिसायला हवी आणि तिथे तर कुणीच नाही! दादाच्या शेजाऱ्याची कापडी मादी इथे कामाला येते. आवाज काढणारा आणि कापड मागे, धनुष्यवाला तीसेक मीटर पुढे आणि थोडा बाजूला. नर कापडाकडे बघत त्याच्या जवळून जातो.

वारा फिरला की मात्र सगळं मुसळ केरात. माणसाचा वास आला की प्राणी दुसरं काही बघत नाही. म्हणून पुतळा रबरी हातमोजे घालूनच हाताळतात. डोंगरात सकाळी गार हवा उताराने खाली येते, ऊन चढलं की वर जाते, संध्याकाळी पुन्हा खाली. हे वेळापत्रक पाठ असावं लागतं.

ही युक्ती काही नवी नाही. १५९१ साली छापलेल्या द ब्रायच्या चित्रात फ्लोरिडाचे तिमुकुआ लोक हरणाचं कातडं पांघरून हरणाजवळ जाताना दाखवलेत. आपल्याकडे 'आईन-ए-अकबरी'त पाळीव हरणाच्या शिंगांना जाळं बांधून सोडण्याची पद्धत आहे. रानटी नर भांडायला येतो आणि शिंगं अडकून सापडतो. गायपारध्यांचं तर नावच शिकवलेल्या गाईच्या आडोशाने सावजाजवळ जाण्यावरून पडलंय.

यात धोका शिकाऱ्यालाही आहे. खांद्यावर पुतळा घेऊन रानातून चाललात आणि दुसऱ्या कुणी ते हरीण समजून नेम धरला तर? म्हणून नेताना पुतळा भडक नारिंगी कापडात गुंडाळतात. तो रंग माणसाला लांबून दिसतो आणि हरणाला नाही. बंदुकीच्या सीझनमध्ये डिकॉय वापरूच नये असं जाणकार सांगतात.

आणि सगळ्यात मजेदार डिकॉय शिकाऱ्यांकडे नसतो, तो वनरक्षकांकडे असतो! फोमच्या अंगावर खरं कातडं, आत मोटर, रिमोटने मान आणि शेपटी हलते. रस्त्याकडेला उभा करून ठेवतात. रात्री गाडीतून प्रकाशझोत टाकून चोरून हरीण मारणारे थांबतात, गोळी झाडतात आणि झाडीतून वनरक्षक बाहेर येतात. अनेक राज्यांत पुतळ्यावर गोळी झाडली तरी गुन्हा नोंदतात. पुतळ्याची चाळण झाली की भोकं बुजवून, मोटर तपासून तो पुन्हा ड्यूटीवर!