सौर पॅनेल आणि रंगाचे मोल

छपरावरचे सौर पॅनेल काळे किंवा गडद निळेच का, हा प्रश्न माझ्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थिनीलाही पडतो. वस्तूचा जो रंग आपल्याला दिसतो, तो तिने परत फेकलेला प्रकाश असतो. पॅनेलला प्रकाश परत फेकून चालत नाही. गिळेल तेवढ्याचीच वीज. म्हणून साधा रंग द्यायचा म्हणजे थोड्या विजेवर पाणी सोडायचे.

हा तोटा कमी करू पाहणारी वस्तू म्हणजे क्वांटम डॉट. आपण तिला पुंजबिंदू म्हणू. हा अर्धवाहक पदार्थाचा अवघ्या काही नॅनोमीटरचा कण होय. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. मौज अशी की, पदार्थ तोच ठेवून कण लहानमोठा केला तरी रंग बदलतो. लहान कण निळ्याकडे झुकतो, मोठा तांबड्याकडे. १९८० नंतरच्या चार-पाच वर्षांत सोव्हिएत संघात अलेक्सी एकिमोव्ह यांनी हे रंगीत काचेत, तर अमेरिकेत लुईस ब्रुस यांनी द्रावणात दाखविले. १९९३ मध्ये मौंगी बावेंडी यांनी एकसारखे कण बनविण्याची रीत काढली. तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या कणांचा पातळ थर पॅनेलच्या काचेवर दिला, की ते अतिनील व निळा प्रकाश शोषून तांबडा प्रकाश बाहेर टाकतात. सिलिकॉनला अतिनील प्रकाश नीट वापरता येत नाही, तांबडा चांगला पचतो. त्यामुळे या प्रकाशाचा बराच भाग आत जाऊन वीज देतो आणि थोडा बाहेर येऊन रंग दाखवितो. जो डोळ्यांपर्यंत आला तो विजेला मुकलाच. फुकट काहीच मिळत नाही.

मात्र हिशेब इथे संपत नाही. पुष्कळशा पुंजबिंदूंत कॅडमियम किंवा शिसे असते. एक मूत्रपिंडाला घातक, दुसरे लहान मुलांच्या मेंदूला. माझे वडील भंगार गोळा करतात. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलही आले आहेत, पण भंगाराच्या ढिगापाशी नियम वाचून दाखवायला कोणी नसते. फुटलेली काच हातांनीच वेचली जाते.

तांबे, इंडियम व गंधक यांपासूनही पुंजबिंदू बनतात, त्यांत ही दोन्ही विषे नसतात. संशोधकांनी तिकडे अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते. पॅनेल किती देखणे आणि किती वीज देते, एवढेच विचारून भागणार नाही. ते फुटल्यावर कोणाच्या हाती जाणार, हेही विचारले पाहिजे.