रातवा : भारतीय व फ्रँकलिनचा

कॅप्रिमल्जिडी कुलातील निशाचर, कीटकभक्षक पक्ष्यांना रातवा म्हणतात. औसा तालुका (जि. लातूर) व त्याभोवतीचे बालाघाटाचे पठार येथे काळ्या जमिनीची शेते, मुरमाड माळ, गायराने आणि बोरी-बाभळीची खुरटी झुडपे आढळतात. अशा प्रदेशात राहणाऱ्या रातव्याच्या दोन जाती म्हणजे भारतीय रातवा (कॅप्रिमल्गस एशियाटिकस) व फ्रँकलिनचा रातवा (कॅप्रिमल्गस ॲफिनिस) या होत. पहिलीचे नामकरण जॉन लॅथॅम यांनी १७९० मध्ये व दुसरीचे टॉमस हॉर्सफील्ड यांनी १८२१ मध्ये केले. दुसरीच्या भारतीय उपजातीचे वर्णन जेम्स फ्रँकलिन यांनी १८३१ मध्ये केल्यामुळे तिला हे नाव मिळाले.

सामान्य लक्षणे : दोन्ही जातींची चोच लहान व दुबळी असते, पण जबडा फार रुंद उघडतो. त्याच्या कडांवरील राठ केसांसारखी पिसे आणि मोठे डोळे ही रात्री उडते कीटक पकडण्यासाठी झालेली अनुकूलने होत. दृष्टिपटलामागील परावर्तक थरामुळे रात्री रस्त्यावर बसलेल्या रातव्याचे डोळे वाहनाच्या प्रकाशात निखाऱ्यासारखे चमकतात. पाय आखूड व अशक्त असतात. दिवसा हा पक्षी जमिनीवर निश्चल बसतो. पिसाऱ्याचा रंग माती व पाचोळा यांत इतका मिसळून जातो, की पायाशी येईपर्यंत तो दिसत नाही.

भेद : भारतीय रातवा सु. २४ सेंमी. लांब असून त्याच्या माथ्यावर ठळक काळ्या रेषा आणि मानेवर रुंद, तांबूस पिवळसर पट्टा असतो. शेपटीच्या बाहेरील दोन जोड्यांतील पिसांची फक्त टोके पांढरी असतात. नर व मादी सारखीच दिसतात. फ्रँकलिनचा रातवा किंचित मोठा, सु. २५ सेंमी. लांब असतो. त्याचा रंग अधिक एकसारखा करडा-तपकिरी असून माथ्यावरील रेषा व मानेवरचा पट्टा जवळजवळ नसतात. नराच्या शेपटीची बाहेरील दोन जोड्यांतील पिसे बहुतांशी पांढरी असतात. मादीच्या शेपटीत पांढरा रंग नसतो.

अंधारात ही लक्षणे निरुपयोगी ठरतात, तेव्हा आवाज हीच खरी ओळख होय. टणक जमिनीवर टाकलेला चेंडू उड्या घेत घेत थांबावा, तशी ‘चक्-चक्-चक्’ अशी उत्तरोत्तर जलद होणारी भारतीय रातव्याची साद असते. फ्रँकलिनचा रातवा मात्र ‘च्वीझ’ असा एकच तीक्ष्ण स्वर पुनःपुन्हा काढतो. तो उडतानाही ओरडतो.

अधिवास व प्रजनन : भारतीय रातवा शेताचे बांध, झुडपी रान, बागा व गावाजवळची पडीक जागा येथे राहतो. फ्रँकलिनच्या रातव्याला उघडे, खडकाळ, गवताळ माळ व ओढ्यांची कोरडी पात्रे अधिक पसंत असतात. दोन्ही जाती घरटे बांधत नाहीत. मादी उघड्या जमिनीवरच बहुधा दोन अंडी घालते. वीण मुख्यतः उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या प्रारंभी होते.

महत्त्व : बकरीचे दूध पिणारा पक्षी या जुन्या यूरोपीय समजुतीवरून कॅप्रिमल्गस हे प्रजातिनाम आले आहे. प्रत्यक्षात तो पतंग, भुंगेरे, नाकतोडे इ. कीटक खातो. तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीचे पतंग व हुमणीचे भुंगेरे रात्रीच उडतात, हे लक्षात घेता शेतीच्या दृष्टीने हे पक्षी हितकर ठरतात.

या दोन्ही जाती सध्या जागतिक दृष्ट्या संकटग्रस्त मानल्या जात नाहीत. तथापि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला नांगरणी, आग व मोकाट कुत्री यांपासून धोका असतो, तर तापलेल्या रस्त्यावर बसण्याच्या सवयीमुळे अनेक रातवे वाहनांखाली मरतात. कीटकनाशकांच्या अतिवापराने त्यांचे खाद्यही घटते. बांध व झुडपे राखली, तर भारतीय रातवा शेतीच्या परिसरात टिकू शकतो. फ्रँकलिनच्या रातव्याला मात्र उघडा माळच लागतो. शासकीय नोंदींत पडीक गणला जाणारा असा माळ नांगरला किंवा त्यावर दाट झाडे लावली, की त्याचा अधिवासच नाहीसा होतो.